बहात्तर दात्यांचं चाक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका दातेरी चाकावरून चांगलंच वाजलं. चाक कसलं, तर माझ्या नऊ वर्षांच्या नातीच्या रेसिंगच्या गाडीचं. एका बाजूला तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आणि दुसऱ्या बाजूला मी. मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, मराठी माध्यमातून बी. ए. झालेली. मला साधी स्कूटरसुद्धा चालवता येत नाही. तेव्हा "आई, तू यात पडू नकोस" हे ऐकावं लागलं यात नवल नाही. पण पडले. आता वर्षभरानं सगळं निवल्यावर माझं म्हणणं नीट लिहून ठेवावंसं वाटतंय. मुलांना अशा गाड्या घेऊन देणारे आईबाप हल्ली ट्रॅकवर बरेच दिसतात, आणि चाक निवडताना त्यांची चूक झाली तर ती बहुतेक एकाच दिशेनं होते.

आधी ही गाडी काय असते ते सांगते. मलाही दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. गो-कार्ट म्हणजे पाइपांची एक चौकट, चार बुटकी चाकं, जमिनीला टेकल्यासारखी बैठक आणि बाजूला एक छोटं इंजिन. स्प्रिंगा नाहीत. मागची दोन्ही चाकं एकाच सरळसोट दांड्यावर बसवलेली, म्हणजे दोन्ही एकदमच फिरणार. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून पहिली अशी गाडी केली. पुढे फॉर्म्युला वनचा तीनदा जगज्जेता झालेला ब्राझीलचा आयर्टन सेना, त्यालाही चौथ्या वर्षी वडिलांनी गवत कापायच्या यंत्राच्याच इंजिनाची कार्ट करून दिली होती. एवढुशी गाडी, पण मोठमोठे ड्रायव्हर यातूनच वर आले.

आम्ही कोल्हापूरचे. इथे कुस्ती आणि फुटबॉल यांच्या जोडीला मोटारीच्या शर्यतींचंही वेड आहे. कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याही इथे झाल्या आहेत. शिवाय आमचं उद्यमनगर आहेच, जिथे सांगाल तो भाग घडवून मिळतो. अशा गावात पोरीला हे वेड लागलं तर दोष कुणाला द्यायचा? मुलानं कर्ज न काढता बसेल अशी एक जुनी कार्ट घेतली. तिचं इंजिन चार-स्ट्रोक, आपल्याकडे फवारणीच्या पंपाला, जनरेटरला लावतात त्या जातीचं. मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास गेलं की गव्हर्नर त्याला आवरतो.

आता मुद्द्याचं. या गाडीला गिअरबॉक्स नाही. मोटारीत आपण चढावर दुसरा टाकतो, सपाटीला चौथा टाकतो, तसलं काही नाही. इंजिनाच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक, मागच्या दांड्यावर एक मोठं, आणि दोघांमध्ये चेन. सायकलसारखंच. या दोन चाकांच्या दात्यांचं जे प्रमाण, तोच तुमचा एकमेव गिअर. गाडी ट्रॅकवर जाण्याआधी तो ठरवायचा आणि मग शेवटपर्यंत त्यावरच भागवायचं.

आमच्या गाडीला पुढे २० दाते आणि मागे ६० होते. म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्या झाल्या की मागच्या टायरची एक होणार. टायरचा व्यास ११ इंच, म्हणजे परीघ सुमारे ८८ सेंटिमीटर. इंजिन ३६०० वर असेल तर टायर मिनिटाला १२०० वेळा फिरेल आणि गाडी तासाला ६३ किलोमीटर पळेल. हे गणित सहावी-सातवीचं आहे, कुणीही घरी करून पाहावं. मागे ६०च्या जागी ७२ दाते लावले तर प्रमाण होतं ३.६, टायरच्या फेऱ्या १०००, आणि वेग जेमतेम ५३. मग ७२ कोण लावेल? वरून पाहिलं तर वेडाच. पण बदल्यात मागच्या चाकाला मिळणारा रेटा वीस टक्क्यांनी वाढतो. सायकलवर चढ चढताना मागे मोठं चाक घेतलं की पायडल हलकं लागतं, तसंच. आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर "पिकप पाहिजे का टाप?" दोन्ही एकदम मिळत नाहीत. एक वाढवलं की दुसरं कमी होणारच.

माझ्या मुलानं ६०चं चाक ठेवलं. त्याची कारणं सरळ होती. आमच्यासारखीच गाडी असलेला ट्रॅकवरचा सगळ्यात वेगवान मुलगा ६० लावतो. पोरगी वजनानं हलकी, तेव्हा इंजिन ६०चं ओझं सहज ओढेल. आणि तिसरं कारण म्हणजे, पहिल्यापासून मोठ्या वेगाची सवय लागू दे. तिन्ही ऐकायला पटण्यासारखीच होती.

पण ट्रॅकवर व्हायचं काय? सरळ पट्ट्यावर गाडी बरी जायची. पुढे दोन वळणं अगदी मागे फिरवणारी. तिथे नात ब्रेक दाबायची, वळायची, मग ॲक्सिलरेटर दाबायची आणि गाडी नुसतीच घुरघुरायची. दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग हळूहळू हलायची. तोवर मागची तीन मुलं पुढे गेलेली असायची. बाप कुंपणापाशी उभा राहून ओरडायचा, "पाय दाब! पूर्ण दाब!" तिनं तो दाबलेलाच असायचा. पाचव्या-सहाव्या रविवारी ती गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं आणि मला म्हणाली, "आज्जी, मी ढ आहे."

हा शब्द तिला कुणी शिकवला ठाऊक नाही. आमच्या घरात तो वापरत नाहीत. शाळेत मात्र मी तो पुष्कळ ऐकलाय. आणि खोटं कशाला बोलू, वापरलाही आहे.

त्या आठवड्यात गाडीला जळका वास यायला लागला म्हणून मुलानं ती उद्यमनगरात नेली. मीही बरोबर गेले, तिथून पुढे भाजी आणायची होती म्हणून. मिस्त्रींनी क्लचचं झाकण काढलं आणि आतली वाटी माझ्यासमोर धरली. नवी असताना ती चकचकीत पांढरी असते म्हणे, आमची निळीजांभळी पडली होती, तापलेल्या तव्याच्या कडेसारखी. मिस्त्री म्हणाले, "बाई, क्लच घसरून घसरून जळालाय. पोरगी हळू न्हाई. चाक चुकलंय."

मुलाला ते फारसं पटलं नाही. मी मात्र तिथल्या स्टुलावर बसून त्यांना शंका विचारत राहिले. त्यांना गिऱ्हाईक होतं, तरी त्यांनी सांगितलं. शिकवायची हौस असलेला माणूस मला लगेच ओळखता येतो.

त्यांनी सांगितलं ते असं. या गाडीत क्लच पायानं दाबायचा नसतो, तो आपोआप पकडतो. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की आतले तुकडे बाहेर फेकले जातात आणि वाटीला घट्ट बसतात. आमचा क्लच १८०० फेऱ्यांच्या आसपास पकडतो. त्याखाली गाडी आली की तो घसरतो, इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचण्याऐवजी वाटी तापवण्यात जाते. आता स्टीअरिंगवरच्या छोट्या यंत्रात वेग नोंदला जातो. त्यात दिसत होतं की त्या दोन वळणांत नातीचा वेग ३० पर्यंत उतरतो. त्या पहिल्या नंबरच्या मुलाचा ३६ राहतो. तो तेरा वर्षांचा, तिसरा हंगाम खेळणारा. ब्रेक कधी सोडायचा हे त्याच्या अंगात मुरलेलं. आमची नऊ वर्षांची, घाबरून थोडा जास्तच ब्रेक मारणारी. नव्या मुलानं तसंच करावं.

मी घरी येऊन जुन्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. ३० च्या वेगाला, ६० दाते असतील तर, इंजिनाच्या फेऱ्या येतात १७०५. म्हणजे क्लचच्या पकडीखाली! त्या मुलाच्या गाडीच्या, ३६ च्या वेगाला, येतात २०४५. म्हणजे क्लच पकडलेलाच. चाक तेच, पण एका मुलाला गाडी साथ देते आणि दुसऱ्याला दगा. मग मी ७२ दाते धरून ३० च्या वेगाला फेऱ्या काढल्या. उत्तर २०४५! पुन्हा तपासलं. बरोबरच होतं. ३६ गुणिले ३ बरोबर १०८, आणि ३० गुणिले ३.६ बरोबर १०८. म्हणजे त्या तेरा वर्षांच्या मुलाला वळणातून बाहेर पडताना जसं जिवंत इंजिन मिळतं, अगदी तसंच आमच्या पोरीला मिळण्यासाठी मागे ७२ दाते हवेत.

वजनाचा मुद्दा इथेच निकालात निघाला. हलक्या मुलाची गाडी लवकर वेग घेते हे खरं. पण तो वेग घ्यायला आधी क्लचनं पकडलं तर पाहिजे.

वेगाचं काय? ६०च्या चाकानं कागदावर ६३ मिळतात, पण ट्रॅकचा सरळ पट्टा संपेपर्यंत पोरगी पोचत होती ५० पर्यंत. ते वरचे तेरा किलोमीटर आमच्या कधी उपयोगाला येतच नव्हते. कपाटात ठेवलेल्या भरजरी शालूसारखे. आहेत म्हणायचे एवढंच.

वही मुलापुढे ठेवली तेव्हा आमचं वाजलं. तो म्हणाला, "म्हणजे तिला सोपं करून द्यायचं? मग ती शिकणार कधी?" हा प्रश्न मला नवा नाही. तीस-पस्तीस वर्षं स्टाफरूममध्ये मी तो ऐकत आले. याला इतिहासही आहे. सायकलची सगळ्यात मोठी शर्यत टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना सायकलला गिअर बदलण्याची सोय असणं पसंत नव्हतं. खेळाडूनं स्वतःच्या पायांनी चढ चढावा, यंत्राचा आधार घेऊ नये असं त्यांचं मत. टूरमध्ये चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या यंत्राला सर्वांसाठी परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्यानंतर सायकलपटू मऊ पडले असं कुणी म्हणणार नाही. फॉर्म्युला वनमध्येसुद्धा २०१३ पर्यंत प्रत्येक शर्यतीसाठी गिअरचं प्रमाण वेगळं निवडत. मोनाकोच्या चिंचोळ्या गल्ल्यांना वेगळं, मोंझाच्या लांब पट्ट्यांना वेगळं. जगातल्या सगळ्यात पटाईत ड्रायव्हरला रस्त्याप्रमाणे गिअर चालतो, तर नऊ वर्षांच्या पोरीला तिच्या वेगाप्रमाणे का नको?

पण मुलाच्या बोलण्यात एक खरी गोष्ट होती, ती मी तेव्हा रागात मान्य केली नाही, आता करते. पिकपचं चाक लावलं की मुलाला एक वाईट सवय लागू शकते. वळणात कितीही हळू झालं तरी गाडी पुन्हा उसळी घेते, म्हणून मूल आणखी जोरात ब्रेक मारायला लागतं. कार्टिंगमधलं खरं कसब तर वेग न गमावता वळण्याचं. वर्षभर ७२वरच राहिलं तर ते कसब येणार नाही. कठीण चाकावर मूल हे आपोआप शिकतं, असं म्हणणारे जाणकार आहेत आणि ते चुकीचं बोलत नाहीत. फक्त ते ज्या मुलाबद्दल बोलतात ते मूल निदान क्लच पकडेल एवढ्या वेगानं वळत असतं. त्याखालच्या मुलाला कठीण चाक काहीच शिकवत नाही. आपण पाय दाबला काय, न दाबला काय, सारखंच, एवढंच ते शिकतं. आणि हे एकदा मनात बसलं की काढायला फार वर्षं लागतात.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. १९८४-८५ सालची माझी सहावी. पाचवी ते सातवीला आम्ही सगळेच विषय शिकवायचो, गणितसुद्धा. वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता, वडील फाउंड्रीत कामाला. त्याचा भागाकार कच्चा होता. मी पुढच्या दोन बाकांकडे बघून शिकवायचे. ती मुलं भराभर उत्तरं द्यायची, मला हुरूप यायचा, मी त्रैराशिकावरून व्यस्त प्रमाणावर जायचे. बारा मजूर एक काम दहा दिवसांत करतात, तर पंधरा मजूर किती दिवसांत, वगैरे. तो मुलगा पाटी धरून नुसता बसायचा. मी त्याला म्हणायचे, "लक्ष दे, जरा डोकं लाव." सहामाहीला त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, "प्रयत्न कमी पडतात." दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. मी एकदा निरोप पाठवला, मग हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल रेघ मारली. पुढे त्याचं काय झालं मला कळलं नाही.

त्याचे प्रयत्न कमी पडत नव्हते, क्लच घसरत होता. मी भागाकारावर दोन महिने थांबले असते तर कदाचित तो मजुरांच्या गणितापर्यंत आला असता. कुंपणापाशी उभा राहून "पाय दाब" म्हणून ओरडणारा माझा मुलगा आणि "डोकं लाव" म्हणणारी मी, आमच्यात फरक काही नाही. म्हणून त्या दिवशी मी इतकी चिडले असणार. राग मुलावर काढला, तो होता दुसऱ्याच कुणावर.

तर चाक बदललं. मुलानं शेवटी, "एक महिना बघू" म्हणून हार मानली. खरं तर दुसऱ्यांदा क्लच जाळण्यापेक्षा चाक स्वस्त, हा मिस्त्रींचा मुद्दा त्याला जास्त पटला. मिस्त्रींनी ७२चं चाक बसवलं, चेनला सहा कड्या वाढवल्या. दोन चाकं एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून पाहिलं, चेनला बोटभर ढील ठेवली आणि चेनवरचं झाकण पुन्हा बसवलं. हे झाकण कुणीही काढून ठेवू नये. लहान मुलं बोटं कुठेही घालतात. मोठं चाक जमिनीच्याही जवळ येतं, आमच्या गाडीला खाली जेमतेम दोन बोटं अंतर उरतं, तेव्हा ट्रॅकच्या उंच कडेवर गाडी घालायची नाही हेही पोरीला बजावलं.

रविवारी ती वळणातून बाहेर पडली आणि गाडी खरोखरच पुढे गेली. आधी फेरीला ६१ सेकंद लागायचे, त्या दिवशी ५७ लागले. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ५२, आधीपेक्षा दोन जास्तच! वळणातून लवकर निघालेली गाडी पट्ट्यावरही पुढेच असते, हे बापाला त्या दिवशी दिसलं.

नात नाचत आली. "आज्जी, मी फास्ट झाले!"

इथे आमचा दुसरा वाद झाला, तो माझ्या सुनेशी. सून म्हणाली, "आई, तिला काही सांगू नका. खूश आहे, राहू दे." मला ते पटेना. कारण आधी ती हळू होती तेव्हा दोष तिचा समजला गेला, आता वेगवान झाली तर श्रेयही खोटंच मिळणार. जे मूल गाडीच्या गुणावर स्वतःला शहाणं समजतं ते गाडी बिघडली की पुन्हा स्वतःला ढ समजणार. मी तिला संध्याकाळी वही दाखवली. म्हटलं, "बाळा, आज चार सेकंद चाकानं दिले. तू होतीस तशीच आहेस, आणि आधीही ढ नव्हतीस."

तिचं तोंड जरा उतरलं. मग तिनं वहीतलं गणित बघितलं. तिला गुणाकार येतो. आम्ही मिळून ते अजून सोपं केलं. पुढचे दाते वीसच राहणार, तेव्हा मागचे दाते गुणिले वळणातला वेग बरोबर २१६०, एवढंच लक्षात ठेवायचं. ७२ गुणिले ३०. ६० गुणिले ३६. मजुरांचं गणित, व्यस्त प्रमाण! चाळीस वर्षांनी मला त्याचा उपयोग सापडला. तिनं थोडा वेळ आकडे मांडले आणि विचारलं, "मग मी वळणात ३६ नं गेले की साठचं चाक लावायचं?"

हाच प्रश्न तिच्या बापानं पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, आणि मीही १९८४ साली.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. ७२ ला ३०, ७० ला ३१, ६८ ला ३२, असं खाली ६० ला ३६ पर्यंत. वळणातला वेग तीन रविवार सलग त्या आकड्याला पोचला आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक मारायच्या खुणेआधीच इंजिन गव्हर्नरला टेकायला लागलं, की मगच दोन दाते कमी करायचे. दोन खुणा एकदम दिसल्या पाहिजेत. दोन दात्यांना चेनचीही कटकट नाही, इंजिन थोडं सरकवलं की भागतं. आणि मधल्या काळात दुसरं काही बदलायचं नाही. टायरची हवाही तीच, बसायची जागाही तीच. एकाच रविवारी चार गोष्टी बदलल्या तर कशानं फरक पडला ते बापालाही कळत नाही, मुलाला काय कळणार? ट्रॅकवर काही पालक प्रत्येक फेरीनंतर चाक बदलताना दिसतात. त्यांच्या मुलाला गाडीची ओळखच होत नाही. रोज मास्तर बदलणाऱ्या वर्गासारखं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते, नाहीतर कुणी हे वाचून उद्याच सगळ्या गाड्यांना मोठं चाक लावेल. आमचे आकडे आमच्या गाडीचे आहेत. टू-स्ट्रोकची रेसिंग इंजिनं चौदा हजारांच्या घरात फिरतात. त्यांना पुढे दहा-अकरा दातेच असतात, तिथे पुढचा एक दाता म्हणजे मागचे सहा-सात. आमच्यासारखा गव्हर्नर त्यांना नसतो. फार पिकपचं चाक लावलं तर पट्ट्यावर ती मर्यादेबाहेर फिरून खराब होऊ शकतात. तिथे इंजिन बनवणाऱ्यानं दिलेली मर्यादा आधी बघायची. शिवाय काही स्पर्धांत लहानांच्या गटाला चाक ठरवून दिलेलं असतं, तिथे प्रश्नच मिटला. पण इंजिन कुठलंही असो, विचारायचा प्रश्न एकच. सगळ्यात हळू वळणात माझ्या मुलाचा वेग किती, आणि त्या वेगाला इंजिन जिवंत आहे का? आपण नेमकं उलटं विचारतो. सगळ्यात लांब पट्ट्यावर गाडी किती पळेल? आणि पहिला आलेला काय लावतो?

पहिल्या आलेल्याचं चाक ही त्याची कमाई असते. ते आपल्या मुलाच्या गाडीला लावून त्याची कमाई आपल्याला मिळत नाही.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. नात आता ६६ वर आहे. कागदाप्रमाणे वळणात ३३ हवेत, ती कधी ३३ करते, कधी ३१. पावसाळ्यात तीन महिने सराव बंद होता तेव्हा तर मागे ६८ वर जावं लागलं. रडली नाही. "विसरले मी, पुन्हा येईल," म्हणाली. बाप अजूनही कुंपणापाशी उभा असतो. ओरडणं पूर्ण थांबलेलं नाही, पण आता "पाय दाब" म्हणायच्या आधी तो यंत्रातला आकडा बघतो. मोठ्या माणसांनाही वेळ लागतोच.

ते जुनं ६०चं चाक स्वयंपाकघरातच, त्या कागदाच्या वर खिळ्याला टांगलंय. सून दर सणाला म्हणते, "आई, आता काढू या का हे, धूळ बसते." मी म्हणते, "पुसून ठेव, पण काढू नकोस. लागणार आहे."